बाबांच्या मरणाची रंगीत तालीम

रविवारी सकाळी बरोबर दहा वाजता बाबा सोफ्यावर ताठ बसले, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मी मेलो. आता पुढे?"

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. ती तिथूनच म्हणाली, "आधी आंघोळ तरी उरकून घ्या."

बाबा तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले त्याला तीस वर्षं होऊन गेली, तरी नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये अजून आदेश सुटतात. या नव्या मोहिमेचं कारण आमच्याच बिल्डिंगमध्ये घडलं होतं. तळमजल्यावरचे एक निवृत्त हवालदार अचानक गेले. त्यांच्या मागे बायकोला पेन्शन मिळायला हवी होती, पण कुठला कागद कुठे आहे हे त्या बिचारीला ठाऊकच नव्हतं. कितीतरी महिने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत फिरत होती. एकदा ती सोसायटीच्या बाकड्यावर ती पिशवी मांडीवर घेऊन रडत बसलेली बाबांनी पाहिली. वर आले आणि जेवलेच नाहीत. "माझ्या मागे हिच्यावर ही पाळी येता कामा नये," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

मग मृत्युपत्र तयार झालं. फ्लॅट आईला, तिच्यानंतर मला. कलम सात: माझे काळे बूट जावयास द्यावेत, परंतु त्यास पॉलिश करता येत असेल तरच. माझा नवरा बारा महिने सँडल घालतो. त्याला ते फार लागलं.

पण फौजी माणसाचा नुसत्या कागदावर विश्वास नसतो. योजना केली की तालीम हवीच. म्हणून दर रविवारी बाबा मरायचे, आईनं कपाटातून 'मी गेल्यावर' असं लाल अक्षरात लिहिलेली फाइल काढायची आणि एकेक कागद माझ्यापुढे ठेवायचा. मी पेन्शनचा क्लार्क. न्हावा शेव्याला बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत मी दिवसभर लोकांच्या कागदांतल्या चुकाच काढत असते, त्यामुळे हे काम मला जड नव्हतं. मी "आजी, जेवणाची सुट्टी आहे, उद्या या," म्हणाले की बाबा मेलेल्या अवस्थेत खूश व्हायचे. "अगदी खऱ्यासारखं करतेय."

अडचण आईची होती. "सवाष्णीच्या तोंडून असलं अभद्र वदवून घेताय, काही वाटतं का?" शेवटी तह झाला. 'मेलो' म्हणायचं नाही, 'गावाला गेलो' म्हणायचं. पुढच्या रविवारी बाबा गावाला गेले. आई म्हणाली, "येताना घेवडा आणा."

तिसऱ्या रविवारी मात्र ती मनावर घेऊन बसली. फौजेतून सुटताना बाबांना मिळालेलं, नोकरीच्या नोंदींचं, शिवण उसवलेलं पुस्तक तिनं पहिल्यांदाच उघडलं. मी क्लार्कच्या आवाजात विचारलं, "पत्नीचं नाव काय लिहिलंय त्यात?" आईनं चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं.

"यात मी नाहीच आहे," ती म्हणाली.

मेलेले बाबा उठून बसले.

झालं होतं असं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. नाव बाबांच्या आत्यानं ठरवलं, बाबांनी लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वीस दिवसांची रजा संपली. तीन दिवसांचा रेल्वेप्रवास करून बाबा सरहद्दीवर पोचले आणि तिथल्या क्लार्कनं लग्नाची नोंद करायला बायकोचं नाव विचारलं, तेव्हा त्यांना ते आठवेना. खिशात लग्नपत्रिका होती. तिच्यावर माहेरचं नाव होतं, ते सांगून मोकळे झाले. म्हणजे फौजेच्या दप्तरी गेली पन्नास वर्षं बाबांची बायको एक, आणि आधारकार्डापासून बँकेपर्यंत दुसरी. बंदरात असं झालं की माल अडकतो. इथे आई अडकली असती.

"नवीन बायकोचं नाव विसरलात?" मी विचारलं.

"तोफांचे नंबर सगळे पाठ होते," बाबा म्हणाले. हे बोलायला नको होतं.

दोन दिवस आई त्यांच्याशी बोलली नाही. सगळं माझ्यामार्फत. "त्यांना सांग, जिचं नाव लावलंय तिच्याकडे चहा मागा म्हणावं."

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं बेलापूरला एका नोटरीकडे गेलो. तिथल्या टायपिस्टनं कागद चाळले आणि तो हसला. "आजी, टेन्शन नाय घ्यायचं. फौजेच्या कागदात आधारवालं नाव चढवू, एक कागद, खेळ खल्लास."

"नाही," आई म्हणाली. "तो राहू दे. बाकीचे बदला."

"अगं, तो एक आहे आणि हे अकरा!" बाबा ओरडले. "आधार, पॅन, बँक, रेशनकार्ड..."

"अकरा तर अकरा. ते नाव माझ्या आईनं ठेवलंय. तुमच्या आत्याचं पन्नास वर्षं वापरलं, पुष्कळ झालं."

सत्तरीच्या बाईला नाव बदलायला प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि अंगठ्यांचे ठसे लागतात. आईचे ठसे भांडी घासून घासून पुसट झालेले, यंत्र घेईना. बाबा प्रत्येक रांगेत तिच्यासोबत उभे राहिले आणि प्रत्येक रांगेला शिस्त लावून चार शत्रू करून आले. मला दोघांचाही वैताग आला होता, हे कबूल करते. सात महिन्यांनी शेवटचा कागद आला. त्या रविवारी तालीम झाली आणि क्लार्कला एकही चूक सापडली नाही. बाबांनी फाइल बंद केली आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

आई उठली नाही. म्हणाली, "मागच्या वर्षी माझा भाऊ गेला. त्या नावानं हाक मारणारा तोच शेवटचा होता. तुमच्या मागे पेन्शन मिळेल हो, पण हाक कोण मारणार? आहात तोवर तुम्ही मारत जा."

एवढं बोलून ती आत गेली. बाबांनी जन्मात तिला 'अगं' सोडून कशानंही हाक मारली नव्हती. ते माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघितलं. मग ते उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि परेड मैदानावर हजेरी घ्यावी तशी त्या नावाची हाक मारली. शेजारच्यांनी दार उघडलं.

मी स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याला धरून उभी होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ते न पुसताच ती मला म्हणाली, "त्यांना सांग, नीट ऐकू आलं नाही."