आक्कांचा आठशे मीटरचा विक्रम

“पोरगी चांगली आहे हो सर, पण त्या विक्रमाच्या बोर्डाचं काय?” मुख्याध्यापक म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. साहेबांनी चष्मा काढला की विषय संपला, हे सगळ्या स्टाफला माहीत होतं.

मी संपू दिला नाही. पुण्याच्या क्रीडा हॉस्टेलच्या निवड चाचणीसाठी शाळेचं पत्र लागत होतं आणि शनिवार शेवटचा दिवस होता. पोरगी म्हणजे दहावीतली मंगल. मेंढरं विकून कांदा लावायला लागलेल्या घरातली. तिच्या वडिलांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, “हॉस्टेल मिळालं तर शिकंल. न्हाईतर औंदा लगीन.”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या एका खेड्यातलं आमचं हायस्कूल आणि मी तिथला पी.टी.चा सर. मूळचा दौंडचा. वडील रेल्वेत, त्यामुळे आमच्या घरी सेकंदालाही मान होता.

शाळेचा एक जुना नियम होता. शाळेच्या विक्रमाच्या दहा सेकंदांच्या आत जो पळेल, त्यालाच शाळा पत्र देणार. विक्रम ऑफिसातल्या निळ्या बोर्डावर पांढऱ्या रंगानं लिहिलेले. मुलींच्या आठशे मीटरपुढे वेळ होती दोन मिनिटं चार सेकंद. आठशे मीटर म्हणजे आमच्या दोनशे मीटरच्या ग्राउंडला चार फेऱ्या. मंगल ते अंतर दोन मिनिटं छत्तीस सेकंदांत काटायची, आणि तेवढ्यात ती तालुक्यात पहिली आली होती. दोन-चार म्हणजे देशाच्या टीमला लाजवणारा टायमिंग. तोही तीस वर्षांपूर्वी, अनवाणी, परकर खोचून!

विक्रम होता आक्कांचा. आक्का म्हणजे शाळा कमिटीच्या मेंबर, गावातल्या बड्या कांदा व्यापारी. त्या गेटातून आत आल्या की शिपाई विडी विझवायचा आणि मुख्याध्यापक पंखा बंद करायचे. पंखा का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

“साहेब, हा विक्रम चुकीचा आहे.”

“हळू बोला. मला रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत.”

माझा अंदाज होता की ग्राउंडच आखूड असणार. पूर्वी विहिरीच्या सोलानं, म्हणजे दोरखंडानं, मापलं असेल. मी शिरूरहून लांब टेप आणली, मंगलला एक टोक धरायला लावलं आणि भर उन्हात अख्खं ग्राउंड मोजलं. भरलं दोनशे मीटर, वर चार बोटं. जुन्या लोकांनी काम चोख केलं होतं. मला त्यांचा फार राग आला.

आता एकच वाट उरली होती. शुक्रवारी वही घेतली आणि आक्का कांदा साठवायच्या त्या चाळीवर गेलो. त्या बायकांबरोबर बसून कांदा निवडत होत्या.

“आक्का, शाळेचा इतिहास लिहितोय. तुमच्या शर्यतीबद्दल थोडं सांगा की.”

“तुम्ही कवापासनं इतिहास लिवाय लागला? सरळ बोला, सर. घाबरताय कशाला?”

मी सरळ बोललो. मंगल, हॉस्टेल, पत्र, दहा सेकंद, सगळं. त्यांचा हात थांबला. आता आपली बदली कुठं होणार याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात त्या हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“आवो, मी तीनच फेऱ्या पळालेय!”

“तीन?”

“व्हय. तवा फेऱ्या मोजाय आमचं गुरुजी बसायचं. मुठीत चार शेंगा घ्यायच्या भुईमुगाच्या. एक फेरी झाली का एक शेंग खाली टाकायची. तिसऱ्या फेरीला मी आले, तर गुरुजी हात वर करून म्हंत्यात, झालं, झालं! मी म्हनलं, गुरुजी, एक ऱ्हायली. तर म्हनलं, शेंगा संपल्या, शर्यत संपली. आन् धोतरावर बघते, तर टरफल!”

गुरुजींनी चौथी फेरी खाल्ली होती.

“मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?”

“कुनाला बोलू? दुसऱ्या दिशी नाव बोर्डावर. पाटीवर नाव लागलेली गावातली पयली पोरगी. बानं गूळ वाटला. तुम्ही असता तर बोलला असता का?”

“नसतो बोललो,” मी म्हणालो. खरं तेच होतं.

मग त्यांनी हळूच विचारलं, “ह्या बोर्डापायी आजवर किती पोरी ऱ्हायल्या, सर?”

माझ्या काळातल्या दोन तरी मला आठवत होत्या. दोघींची लग्नं झाली होती. दोन्ही वेळा साहेबांनी चष्मा काढला आणि मी मुकाट्यानं वर्गावर गेलो होतो. आक्कांना मी आकडा सांगितला. सांगताना मला त्यांच्यापेक्षा माझीच लाज वाटली.

शनिवारी शाळा भरायच्या आधी आक्का ऑफिसात हजर. मुख्याध्यापकांनी आधी पंखा बंद केला, मग सगळं ऐकून घेतलं.

“मग आक्का, ती ओळ पुसून टाकायची का?”

“पुसाय काय झालं? पळालेय मी. तीन फेऱ्या म्हंजी किती मीटर, सर?”

“सहाशे.”

“मग सहाशे लिवा. येळ ऱ्हाऊ द्या, घड्याळ खरं हुतं. आन् ती दहा सेकंदाची अट काढा. पोरीचं पत्र द्या आदी, मी हितंच बसते.”

पत्र झालं. ते घेऊन मी स्वतः तसाच एसटीनं पुण्याला गेलो, पोस्टाला तेवढा वेळच नव्हता. पुढच्या महिन्यात चाचणी झाली आणि मंगलची निवड झाली, यादीत शेवटून दुसरी. शेवटून दुसरीलाही हॉस्टेलात तेवढीच मोठी कॉट मिळते. लग्न पुढे ढकललं ते सहा वर्षं.

आक्कांचा सहाशे मीटरचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, कारण सहाशेची शर्यत आमच्याकडे होतच नाही. मी मात्र रिटायर होईपर्यंत दोन नियम पाळले. एक, माणसाला घाबरायच्या आधी त्याला एकदा विचारून बघायचं. आणि दोन, फेऱ्या मोजणाऱ्याला आधी पोटभर जेवू घालायचं.