स्वखुशीचा अर्ज

चांदीपच्या आमच्या शेजारच्या काकीवर अन्याय झाला तो १९८३ च्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी आठ वाजता, विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकात. सहा वर्षं तिथे बटणं जोडणाऱ्या या बाईला वॉचमन म्हणाला, "नवीन भरती बंद आहे." नवीन भरती! निम्म्या बाया जिच्याकडून काम शिकल्या, तिची.

कारखान्याचा शेठ तसा फार दयाळू. वर्षातून दोनदा, लावणीला आणि कापणीला, खेड्यातल्या बायांना स्वतः बोलावून महिनाभर घरी धाडायचा. "आधी शेत, मग कारखाना," म्हणायचा. पगार अर्थात द्यायचा नाही. एवढ्या दयेवर पगारही मागणं बरं दिसत नाही. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कामगाराला सहज हाकलता येत नाही, हा कायदा शेठला पाठ होता. बायांना तो कोणी सांगितलाच नव्हता. कापणीहून कामावर परतताना त्या शेठसाठी नव्या भाताचे पोहे न्यायच्या. दरवर्षी त्याने ते खाल्ले.

घरी जायला अर्ज लागायचा. कारकून नमुन्याचा कागद द्यायचा, तसाच्या तसा उतरवून आणायला सांगायचा आणि नमुना आठवणीने परत घ्यायचा. काकीला लिहिता येत नव्हतं. गावात कॉलेजात जाणारा एक विद्वान होता. तो मी.

"लिव रे पोरा. तुजा अक्षर सायबासारखा हाय."

"काकी, यात 'स्वखुशीने काम सोडत आहे' असं आहे."

"मंग खुशीनंच चाल्ले ना? भात कोन कापनार, तुजा बाप?"

"पण 'सोडत आहे' म्हणजे..."

"परत घेतात रे. दरसाल घेतात. तू गप लिव, मी च्या ठेवते."

मी लिहिलं. खाली तिचा अंगठा. चहा घेतला. असं बारा वेळा. याच दिवसांत मी श्रम आणि भांडवल यांवर जाड पुस्तकं वाचून खुणा करत होतो, हेही नोंदवून ठेवतो.

त्र्याऐंशी साली मुंबईच्या गिरण्यांतून बाहेर फेकलेली माणसं मिळेल त्या पगारावर वसईच्या कारखान्यांच्या गाळ्यांसमोर रांगा लावू लागली. त्यांचाही दोष नव्हता, त्यांनाही पोट होतं. शेठची दया मात्र आटली. कापणीला गेलेल्या बायांना त्याने परत घेतलंच नाही.

तोवर मी कामगार संघटनेत शिरलो होतो. शेठवर मी असं जळजळीत पत्रक काढलं की तुळिंजच्या बाजारात लोकांनी त्यात भजी बांधून नेली. काकीसाठी ठाण्याच्या कामगार कोर्टात दावा लावला. तिचं मागणं एवढंच: सहा वर्षं धरा आणि कामावर घ्या.

शेठच्या वकिलाने शांतपणे बारा कागद काढले: दर कागदाला नोकरी संपलेली, दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. मला साक्षीला उभं केलं.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"बाईंनी सांगितलं म्हणून लिहिलंत?"

"हो, पण मजकूर कारकुनाने दिला होता."

"तो नमुना आहे?"

नव्हता. वकील हसला नाही, एवढा सभ्यपणा त्याने दाखवला. मालकाविरुद्ध पत्रकं काढणारा मी, मालकाचा सगळ्यात चोख पुरावा मीच फुकट लिहून दिला होता. वर शुद्धलेखनासकट.

बाहेर झाडाखाली काकी भाकरी सोडत बसली होती.

"तुजा अक्षर बरा व्हता म्हनून सायबाला पटापट वाचता आला," ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

"आता रडू नको. मोप बायांनी अर्ज दिलेत. सगले काय तूच लिवलेस? चिंचोटीच्या बायांचे कोनी लिवले?"

तेवढं माझ्या पुस्तकी डोक्यात आलं नव्हतं. एकट्या माझ्या शब्दाला कोर्टात किंमत नाही. पण वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या माणसांनी हाच मजकूर, याच शब्दांत, त्याच कारकुनाच्या कागदावरून उतरवला, असं शपथेवर सांगितलं तर बारा कागदांतली ही 'स्वखुशी' कोणाची, ते न्यायाधीशांना विचारावंच लागेल.

तेव्हा तुम्ही, जे हे वाचताय. कामणला, चिंचोटीला, तुळिंजला कोणा वहिनीला, मावशीला असा अर्ज तुम्ही लिहून दिला असेल. चांगुलपणानेच दिला असेल, मीही तसाच दिला होता. लाज वाटत असेल तर ती बरोबर घेऊन या, पण या. पुढच्या तारखेला ठाण्याला माझ्यानंतर साक्षीला उभे राहा आणि तो मजकूर तुम्हाला कोणी दिला, ते सांगा.