प्लगावरचा हात

वर्षालीचं काम मालवणात कुणालाच नीट कळत नाही. कुणी तिच्याकडे बिघडलेला प्रिंटर घेऊन येतं, कुणी विसरलेला पासवर्ड विचारायला. तिची आई प्रेमलताबाई बाजारात लेकीबद्दल सांगतात, ‘आमचा चेडू कम्प्युटरचा पोलीस.’ तसं ते फार चुकीचंही नाही. कुठल्या कंपनीच्या कम्प्युटरात चोर शिरला की पुण्याच्या ऑफिसातून हिला फोन येतो आणि ही घरबसल्या त्याचा माग काढते. या धंद्याचा पहिला धडा असा, की चोर शिरलेलं मशीन चालू असेल तर बंद करायचं नाही. त्याच्या खुणा चालू मेमरीत असतात. वीज गेली की पुसल्या जातात.

घरातला पहिला धडा नेमका उलटा. ढग वाजले की सगळे प्लग काढायचे. तसे कोकणात सगळेच काढतात, पण प्रेमलताबाई आभाळ काळवंडायच्या आतच घरभर फिरतात. वर्षाली लहान असताना एका गडगडाटात तिचे बाबा टीव्हीचा प्लग काढायला गेले आणि तो हातात धरूनच गेले. बोटं एकेक करून सोडवावी लागली होती. वर्षाली आता छत्तिशीला आलीय, बड्या बड्या चोरांना ती जुमानत नाही, पण वीज चमकली की तिचे हातपाय गार पडतात. याची तिला लाज वाटते. लाज वाटून भीती काही कमी होत नाही.

ऑक्टोबरातल्या त्या दुपारी ती कसालला होती, शाळेतली मैत्रीण डॉक्टर विनीता हिच्या दवाखान्यात. विनीताचे वडील, तिथले जुने डॉक्टर, महिन्यापूर्वी वारले आणि त्यांची खुर्ची हिच्याकडे आली. पेशंट वर्षानुवर्षांचे, फिट्सचे नाहीतर हृदयाचे. त्यांना आपलं औषध ‘सकाळची पिवळी’ एवढंच ठाऊक. कुणाला कोणती गोळी चालते आणि कोणती दिली तर जिवावर बेतते, ते सगळं डॉक्टरांच्या एकुलत्या एक कम्प्युटरात होतं. आणि त्या दिवशी सकाळी कुणा खंडणीखोराने आतल्या सगळ्या फायलींना कुलूप ठोकलं होतं.

वर्षालीने फोनवरच बजावलं होतं, इंटरनेटची वायर काढ, मशीन मात्र बंद करू नकोस. आल्याबरोबर तिने ओळखलं, कुलूप जुन्या जातीचं आहे, त्याची किल्ली अजून मेमरीत असणार. मेमरीची नक्कल आपल्या डिस्कवर उतरवायला तिने सुरुवात केली आणि ढग वाजला.

यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. भिंतीतलं सॉकेट फुटकं आणि ढिलं. जुने डॉक्टर पुठ्ठ्याची घडी खोचून भागवायचे. दुसऱ्या गडगडाटाने तावदानं थरथरली, मऊ पडलेली घडी खाली आली, स्क्रीन लुकलुकली. सवयीने विनीताचा हात प्लग काढायला गेला. वर्षालीने तो बाजूला सारला आणि स्वतःच्या तळहाताने प्लग आत दाबून धरला. आपण काय केलं ते तिला त्यानंतर कळलं.

‘वर्षा, सोड गो,’ विनीता म्हणाली. ‘फायली गेल्यो तर गेल्यो. तुका काय झाला तर?’

‘भायर काशीबाई बसली आसा. तिका खंयची गोळी देतलंस?’

विनीताने पायातल्या रबरी चपला काढून वर्षालीच्या पायांखाली सरकवल्या. असल्या चपलांनी वीज थांबत नाही हे वर्षालीने एरवी कुणालाही ऐकवलं असतं. तिने निमूट पाय घातले.

तेवढ्यात आईचा फोन आला. विनीताने तो तिच्या कानाशी धरला.

‘विजो चमकतत. प्लग काढलंस ना गो?’

‘काढलंय आई.’

‘मगे फोन ठेव.’

नक्कल किती उतरली ते दाखवणारी स्क्रीनवरची हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत होती. वर्षाली तिच्याकडेच बघत राहिली, कारण हाताकडे बघितलं तर तिथे बाबांचा हात दिसत होता. सोड, पळ, असं तिचं अख्खं अंग सांगत होतं. तिला मरायचं नव्हतं. आईला पुन्हा ते सगळं बघायला लावायचं नव्हतं. रेघ टोकाला पोचली आणि बाहेर कडाडलं. दवाखाना अंधारात बुडाला.

‘झाला?’ विनीताने विचारलं.

वर्षालीला हात उचलता येईना. विनीताने तिची बोटं एकेक करून सोडवली.

नक्कल पुरी उतरली होती. वर्षालीच्या लॅपटॉपवर संध्याकाळपर्यंत किल्ली सापडली. पहिली उघडली ती काशीबाईंची फाईल. जुन्या डॉक्टरांनी वरच लाल अक्षरांत लिहिलं होतं, ही गोळी कधीही देऊ नये. तीच गोळी विनीताने सकाळी काशीबाईंसाठी काढून ठेवली होती.

वर्षाली घरी आली तेव्हा टीव्ही, फ्रिज, मिक्सर, सगळ्यांचे प्लग काढलेले होते. प्रेमलताबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तिचा हात बघितला. सॉकेटच्या फुटक्या कडेने तळहातावर लाल वळ उठला होता. त्यांनी तो हात दिव्याजवळ नेला.

‘खोटा बोललंस माका.’

‘होय.’

‘काम झाला?’

‘झाला.’

त्यांनी खोबरेल आणून वळावर लावलं. मग लेकीची बोटं एकेक करून मिटत आणि उघडत राहिल्या, सगळी हलतात याची खात्री होईपर्यंत, आणि त्यानंतरही.