दोन मायक्रॉन

पंपांच्या गल्लीत त्याला सगळे मायक्रॉन म्हणत. माणसाचा एक केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि हा गृहस्थ एकेका मायक्रॉनसाठी गिऱ्हाइकाशी हमरीतुमरीवर यायचा. स्वतःच्या लग्नाची तारीख त्याला बायकोला विचारावी लागते, पण वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या पंपाचं माप अजून तोंडपाठ आहे.

आता ते पंपदुरुस्तीचं दुकान नाही. मागच्या खोलीतल्या छोट्या लेथवर तो तळहातावर मावेल एवढं डिझेल इंजिन बनवतोय. फ्लायव्हील झालं, पिस्टन झाला. घोडं पेंड खातं ते इंधनाच्या पंपापाशी. या पंपात एक बॅरल, म्हणजे पोकळ नळी, आणि तिच्यात वरखाली सरकणारा दांडा, म्हणजे प्लंजर. दोघांत फट हवी जेमतेम मायक्रॉन-दीड मायक्रॉनची. जास्त झाली की डिझेल गळतं, कमी झाली की प्लंजर अडकून बसतो.

दुकानात तीस वर्षं बॅरल हा करायचा आणि प्लंजर त्याचा थोरला भाऊ, दादा. शेवटचा हात दोघं मिळून फिरवायचे. एकानं बॅरल धरायचं, दुसऱ्यानं घासायची पेस्ट लावून प्लंजर आत फिरवत राहायचं, तासन्‌तास, गावभरच्या गप्पा मारत. दुकान बंद करताना मात्र शब्दाला शब्द वाढला. दादा दूरच्या शहरात मुलाकडे राहायला गेला आणि जाताना आपला लेथही घेऊन गेला. त्याला सहा वर्षं झाली. ख्यालीखुशाली कळते ती जावाजावांच्या फोनवरून.

मायक्रॉनला प्लंजर करता येत नव्हता असं नाही. त्यानं दोन केलेही, आणि ते बरे झाले होते. पण त्याला दादा हवा होता. समोरच्या स्टुलावर बसलेला, चष्मा कपाळावर चढवून "अरे हळू, ताक घुसळतोयस का?" म्हणणारा दादा. एवढं सरळ बोलायला त्याची जीभ रेटेना. म्हणून एका सकाळी तो स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाला, "वहिनीला विचार, दादाला एक बारका प्लंजर करायला जमेल का. भोकाचं माप लिहून घे."

बायकोनं किराण्याच्या यादीखाली माप लिहून घेतलं. आणि त्या मापात त्यानं आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं. भोक होतं त्याहून दोन मायक्रॉन बारीक सांगितलं. म्हणजे प्लंजर ढिला येणार, डिझेल गळणार, आणि दादाला इथे येऊन जोडी जुळवून देण्यावाचून गत्यंतर उरणार नाही. सांगून झालं तेव्हा त्याचे कान तापले होते.

महिन्याभरानं पार्सल आलं. कापसात गुंडाळलेला प्लंजर, बाकी चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. त्यानं हात धुतले, बॅरल उभं धरलं, प्लंजर डिझेलमध्ये बुडवून तोंडाशी टेकवला आणि सोडून दिला. ढिला असता तर सटकन खाली गेला असता. तो गेला नाही. आपल्याच वजनानं सावकाश, कुठेही न थबकता उतरत राहिला. इतकी सुरेख जोडी तीस वर्षांत जमली नव्हती. मायक्रॉननं तो काढून पुन्हा सोडून पाहिला; पुन्हा तसाच.

"बसला का?" बायकोनं दारातून विचारलं.

"बसला."

"मग तोंड असं का केलंय?"

त्यानं तिच्याकडून फोन मागून घेतला आणि दादाला लावला.

"प्लंजर बसला," तो म्हणाला.

"बसणं शक्य नाही." सहा वर्षांनंतरचं दादाचं पहिलं वाक्य हे.

"का?"

"बसू नये म्हणूनच केला होता. तू दिलेल्या मापाच्या भोकाला जेवढा हवा, त्याहून दोन मायक्रॉन जाड ठेवला. अडकला असता, म्हणजे मग मला..." दादानं वाक्य तसंच सोडलं.

मायक्रॉननं समोरचं रिकामं स्टूल जवळ ओढलं. "मी माप दोन मायक्रॉन कमी सांगितलं होतं."

दोन म्हाताऱ्यांच्या दोन लबाड्यांनी एकमेकींना खाऊन टाकलं होतं, आणि पंप तेवढा बिनचूक झाला होता. दादा हसला की खोकला, ते कळलं नाही.

"म्हणजे आता तुझं काही अडलेलं नाही," तो हळूच म्हणाला.

"पंपाचं नाही अडलं," मायक्रॉन म्हणाला. "माझंच अडलंय, दादा. सहा वर्षं झाली."