वीस पाउंडी तंगूस

माझ्या दादाला गळाने मासे पकडण्यातलं काहीही कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तो भेटला तर तुम्हाला उलट सांगेल. त्याला सोलर पॅनेल कळतात, शाळांचे झोन कळतात, आमच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या कुठल्या बिल्डरने भिंती पातळ बांधल्यात तेही कळतं, आणि जे कळत नाही ते तो यूट्यूबवर अर्धा व्हिडिओ बघून समजून घेतो. मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. एकटी राहते, त्याच्या घरापासून गाडीने आठ मिनिटांवर. मला या देशात त्याने आणलं. हे मी विसरू नये याची तो जातीने काळजी घेतो.

गेल्या वर्षी आई तीन महिन्यांसाठी आली. माझ्या घरात एक खोली रिकामी असते. ती येणार म्हणून मी नवा पलंग घेतला, खिडकीला जाड पडदे लावले, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. आई विमानतळावरून गेली ती दादाकडे आणि राहिलीही दादाकडेच. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मुलगा इथे असताना आई मुलीकडे राहते का कधी? काहीतरीच तुझं." निदान शेवटचा आठवडा तरी माझ्याकडे पाठव, म्हटलं. तो "बघू" म्हणाला. दादाचं बघू म्हणजे नाही, हे मला चौथीपासून माहीत आहे. अर्ध्या रस्त्यावर इंडियन ग्रोसरी आणि अर्ध्यावर मुलांचे स्विमिंग क्लास, अशा या वस्तीत आई कुणाकडे राहिली याची चौकशी कोण करणार होतं? पण दादाला लोक लागतात. नसले तर तो मनातल्या मनात तयार करतो.

मग मी निदान शनिवार तरी माझ्याकडे ओढून घेतले. तीन वर्षांपूर्वी मी गळ टाकायला शिकले. आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढल्यावर मला अशी जागा हवी होती जिथे कुणी मीटिंग लावत नाही. आईचं माहेर देवगडकडे, खाडीच्या काठी. लहानपणी ती भावांबरोबर बोटाला तंगूस गुंडाळून बसायची. नायलॉनच्या मासेमारीच्या दोरीला आमच्याकडे तंगूस म्हणतात. तर आईला हॉक्सबरी नदीवर न्यायचं ठरवलं, आणि तिच्यासाठी लाइट टॅकलची, म्हणजे हलक्या सामानाची काठी घेतली. काठी कसली, करंगळीएवढी बारीक, मुठीत मावेल एवढी रील आणि नखाएवढा गळ.

या लाइट टॅकलचा सगळा खेळ दोरीवर असतो, आणि इथेच आपले लोक हमखास चुकतात. आपल्याला सगळं मजबूत हवं असतं. सूटकेस घेताना आपण तिची चाकं आपटून बघतो, बादलीवर उभे राहून बघतो. दोरी घ्यायला गेलो की जाडातली जाड मागतो. पण बारीक काठीवर दोरी ही सगळ्यात कमजोर गोष्ट असावी लागते. गळ खडकात अडकला की तिनेच आधी तुटायचं. गळ जातो, दुसरा बांधायचा. दोरी तुटली नाही तर काठी तुटते. शिवाय जाड दोरी छोट्या रीलवरून वेटोळी घेत सुटते, हलकं आमिष लांब जातच नाही, आणि इथला ब्रीम हा मासा इतका संशयी की पाण्यात दोरी दिसली तरी पाठ फिरवतो. मासेमारीच्या सामानाच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानेही चार पाउंड ओढीला तुटणारी दोरीच घ्यायला सांगितली. "फोर पाउंड, लव्ह. नो मोर."

आईने शेल्फवरचं साधं पांढरं तंगूस उचललं होतं. चिमटीत धरून, ताणून, ओठांवरून फिरवून म्हणाली, "हे छान आहे गं." मी ते तिच्या हातातून घेऊन परत ठेवलं. पाण्यात जवळजवळ दिसेनासं होणारं दुसरं एक मिळतं, ते किती चांगलं, ते मी तिला उभ्या उभ्या दहा मिनिटं समजावलं. ती "बरं" म्हणाली.

पाच शनिवार फार चांगले गेले. आईच्या हातांना अजून सगळं आठवत होतं. दोन ब्रीम तिने पकडले, एक मी. तिची काठी तिच्याजवळ, म्हणजे दादाच्या गराजमध्ये असायची. सहाव्या शनिवारी मी तिला घ्यायला गेले तर दादा ड्राइव्हवेमध्ये काठी हातात घेऊन उभा होता, तोंडभर हसत.

"बघ, अपग्रेड केलं. ट्वेंटी पाउंड. ते तुझं फालतू होतं, मी नुसतं ओढलं तर तुटलं."

"ते तुटायलाच हवं असतं, दादा."

"तुटायला हवं म्हणे! आईच्या हातून मोठा मासा सुटला तर?"

"विचारलंस का कुणाला?"

"यात विचारायचं काय? मी आज येतोय तुमच्याबरोबर. बघू तरी काय करता तुम्ही."

माझं डोकं असं फिरलं की काठी तिथेच त्याच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर हाणावी. पण आई चपला घालून बाहेर आली होती, हातात पोळीभाजीचा डबा. मी गप्प बसले. गप्प बसण्याचा मला अजून पश्चात्ताप होतो. माझ्याकडे जुनी दोरी होती, पाच मिनिटांत बदलून झाली असती. पण मला मनातून वाटत होतं, होऊ दे. आईसमोर एकदा होऊ दे याची फजिती.

जेट्टीवर ती दोरी रीलवरून स्प्रिंगसारखी उडाली. आईचा गळ दोन हातांवर पडला. पुन्हा टाकला, गुंता झाला. दादा गुंता सोडवत म्हणाला, "टेक्निक इश्यू आहे, आई." तासाभरात माझ्या दोरीला दोन मासे लागले, मी दोन्ही मुद्दाम सावकाश वर घेतले, त्याला दिसतील असे. आईला एकही नाही. मग तिचा गळ खाली खडकात अडकला.

"सोड, मी काढतो," दादा म्हणाला आणि त्याने आईच्या हातातून काठी घेतली. मी म्हटलं, काठी वाकवू नकोस, सरळ धर, दोरी हाताने ओढ. त्याने रीलचा ब्रेक घट्ट आवळला, काठी आभाळाकडे केली आणि हिसका दिला. कट्ट आवाज आला. टोकाकडचा हातभर तुकडा दोरीवरून घसरत पाण्यात गेला. वीस पाउंडी तंगूस अजून शाबूत होतं.

मी तोंड सोडलं. काठीवरून सुरुवात केली आणि तीन महिन्यांवर आले. तुला सगळ्यात हात घालायचा असतो. आई म्हणजे तुझ्या गराजमधली वस्तू आहे का? मी पलंग घेतला, दांडा बसवला, एक आठवडा मागितला, एकच, तोसुद्धा तुझ्याने देववला नाही. दादा एरवी माझ्या एका वाक्यावर चार ऐकवतो. त्या दिवशी तो तुटक्या काठीकडे बघत उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "सॉरी. नवीन आणतो."

"काठीचं नाही बोलत मी!"

"पुरे," आई म्हणाली. ती बाकावर बसली होती, डबा मांडीवर. "त्याला कशाला बोलतेस? त्याने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, जातेस का तिच्याकडे म्हणून. दोनदा विचारलं. मीच नाही म्हटलं. आणि तू स्वतःच्या नावावर सांग, असंही मीच म्हटलं त्याला."

मला आधी ते समजलंच नाही. मी दादाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. दोन महिने मी त्याला मनातून शिव्या घालत होते, आणि तो त्या आईच्या वाट्याच्या खात होता. त्याचा राग यायचा थांबला नाही, पण आता तो राग ठेवायला जागा उरली नाही.

"का पण?" मी विचारलं.

आईने डब्याचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाली, "तुझं घर छान आहे. पण तुझ्याकडे आले की भांडं कुठे ठेवायचं, गॅस किती ठेवायचा, गाठ कशी मारायची, सगळं चुकतंच माझं. त्याच्याकडे मी नुसती बसते. कुणी लक्ष देत नाही. बरं वाटतं."

"मग हे मला सांगायचं ना सरळ!"

"सांगितलं असतं तर तू भांडली असतीस."

"मी? मी कधी भांडते?" मी इतक्या जोरात ओरडले की जेट्टीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाने मागे वळून पाहिलं. दादा आईशेजारी येऊन बसला होता.  डबा मांडीवर सांभाळत आई थोडीशी त्याच्या बाजूला सरकली.