दाजींचा हेडर

सोलापुरातल्या कुठल्याही डॉक्टरने पेशंटच्या छातीला लावला नसेल इतका कान माझ्या दाजींनी गाडीच्या इंजिनाला लावला आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मूळचे वैरागचे. कुणाकडे जेवायला गेले, तर आधी त्या घरची गाडी चालू करायला लावून तिच्यापाशी डोळे मिटून उभे राहतात आणि मग पडलेल्या चेहऱ्याने सांगतात, "गॅस्केट गेलंय." घरातल्या बाईंना वाटतं, आपल्या कुकरचंच चाललंय.

हे सगळं हेडरमुळे झालं. इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा कंपनीचा ओतीव भाग काढून दाजींनी त्या जागी बाहेरून आणलेला वाकड्यातिकड्या नळ्यांचा जुडगा बसवला. त्यालाच हेडर म्हणतात. "गाडीनं मोकळा श्वास घ्यायला पायजे की," हे त्यांचं म्हणणं. गाडीने श्वास घेतला मोकळा, पण सोडायला लागली भलत्याच फटीतून. सकाळी बॉनेटखाली टिकटिक आणि आत धुराचा वास. ताई काही भांडली नाही. "अहो, गाडीत बसलं की डोकं दुखतंय माझं," एवढंच म्हणाली आणि तेव्हापासून काच खाली करून, नाकाला पदर लावून बसू लागली.

दाजींनी त्या फटीशी वैरच धरलं. गार इंजिन गाठून त्यांनी ताईच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा फेकणाऱ्या तोंडाला जोडली, सायलेन्सरमध्ये खुपसली आणि दाढीच्या ब्रशने एकेका जोडाला साबणाचा फेस लावत बसले. बुडबुडा आला की पुटपुटायचे, "हितं हाय बघा." मग त्याच ब्रशने दाढी. आठवडाभर त्यांच्या गालाला ऑइलचा वास येत होता. पुढे टीपॉयची काच त्यांच्या ताब्यात गेली. हेडरची इंजिनाला चिकटणारी पट्टी तिच्यावर ठेवून दाजी खालून उजेड दिसतो का बघत होते, आणि पाहुण्यांचे चहाचे कप जमिनीवर. पट्टी वाकलेलीच निघाली. ती लेथवर सरळ करून आणली, नवं गॅस्केट घातलं आणि बोल्ट मधून सुरू करून कडेला आवळत नेले. "भाकरी मधनंच थापत जायची," दाजी मला म्हणाले.

त्यानंतर लगेच आम्ही मावशीच्या नातवाच्या बारशाला अकलूजला निघालो. मोहोळच्या पुढे दाजींनी गाडी लिंबाखाली घेतली. नवं गॅस्केट तापून बसलं की बोल्ट सैल पडतात, ते पुन्हा आवळावे लागतात.

"मग आवळा की," मी म्हणालो.

"गार झाल्याबिगर हात लावायचा न्हाय, पाव्हणं."

ताई मांडीवर झबली-टोपडी घेऊन सावलीत बसून राहिली. आम्ही पोचलो तेव्हा बाळाचं नाव ठेवून झालं होतं, घुगऱ्याही संपल्या होत्या. दाजींचे हात कोपरापर्यंत काळे, म्हणून मावशीने त्यांना पेढा भरवला. "कान नीट हायत बाळाचे," दाजी पाळण्यात वाकून म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडीत धुराचा वास उरला नव्हता, ताईने आपणहून काच वर केली. थोड्या वेळाने तिची मान खांद्यावर कलली. ती गाडीत झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. गाडी डावीकडे घेऊन दाजी उसाच्या ट्रॅक्टरांनासुद्धा पुढे जाऊ देत होते. सोलापुरात शिरलो, सात रस्ता चौक मागे पडला, घराचं वळण आलं आणि दाजी सरळच गेले.

"दाजी, वळण गेलं की," मी हळूच म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. झोपलीय ती," दाजी म्हणाले, आणि विजापूर रोडने आम्ही तसेच हळूहळू पुढे जात राहिलो.