अगरबत्तीवर पास झालेला अलार्म

धानोऱ्यातल्या तेंदूपत्त्याच्या गोदामात मी आगीच्या अलार्मचे हीट डिटेक्टर तपासायला गेलो आणि शिडी मागितली. मॅनेजरनं अगरबत्तीचा पुडा पुढे केला. "आधीचा माणूस हेच पेटवून खालूनच फिरवे, भाऊ." म्हणजे उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राला हा दीडशहाणा धूर दाखवत होता, तोही वाळल्या पानांच्या पोत्यांमध्ये उभा राहून.

"मग अलार्म वाजला कधी?"

"वाजला नाई, म्हणून तं रजिस्टरात दरवेळी ठीक लिवे."

शिडी मीच शोधली आणि चढलो. डिटेक्टर बसवताना त्यांवर घातलेल्या प्लास्टिकच्या टोप्या अजून सगळ्यांवर तशाच होत्या. पहिली काढली, तसा मॅनेजर खालून ओरडला, "काढू नोका ना भाऊ, धुळीनं खराब होतीन."